पाटीवरचा सतरा

"अजून हातभर खोल!" चष्मिस म्हणाली. "नाहीतर कोणीतरी उकरेल."

बोक्याने नाक पुसून पुन्हा कुदळ मारली. तो रांगत होता तेव्हापासून भुंग्या कुत्रा त्यांच्या घरात होता. आणि काल दुपारी काकाच्या गाडीत, मागच्या सीटवर, तो झोपेतच गेला.

"म्हातारा झाला होता," एवढंच काका म्हणाला आणि पुन्हा गाडीत डोकं घालून बसला.

चष्मिस आणि तिची धाकटी बहीण चिंगी सुट्टीला या काकाकडे आल्या होत्या. बोका त्याचाच मुलगा. काकाचं गॅरेज घराला लागूनच होतं, आणि सध्या त्याला जुन्या टर्बो गाडीशिवाय काही सुचत नव्हतं. धुराच्या पाइपाला भोक पाडून त्याने तिथे सेन्सर बसवला होता. इंजिनात हवा किती आणि पेट्रोल किती, ते त्याचं मीटर आकड्यात सांगे. पंधराच्या आसपास ठीक. आकडा वर गेला की पेट्रोल कमी पडतंय.

"आणि तो सारखा वरच!" बोका म्हणाला. "बाबा रोज पेट्रोल वाढवतात, तरी मीटरचं रडगाणं चालूच."

भुंग्याला खड्ड्यात ठेवताना त्याचा ओठ जरा सरकला. चष्मिस थबकली.

"बोक्या, याच्या हिरड्या बघ. लालचुटूक!"

"मग?"

"मेल्यावर फिक्या पडायला हव्यात ना?"

आत्या स्वयंपाकघरात होती. काकाची ही थोरली बहीण चौतीस वर्षं नर्स होती. चष्मिसने सांगितलं तशी तिच्या हातातली सुरी थांबली.

"माझ्या नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात नवरा-बायको आणले होते," ती म्हणाली. "बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले. गाल असे गुलाबी, की हलवलं तर उठतील वाटावं. धुरातला विषारी वायू तो. त्याला वास नसतो, रंग नसतो. भुंग्या कुठे होता काल?"

"गाडीत," बोका म्हणाला. "काचा बंद, पंखा चालू. इंजिन चालू ठेवून बाबा बाहेर बॉनेटपाशी लॅपटॉप घेऊन उभे होते. तासभर तरी."

"आणि आता चिंगी कुठाय?"

बोक्याचा चेहरा पडला. "बाबांनी तिला पाटी दिलीय. आत बसून मीटरचे आकडे लिहायचे आणि काचेतून दाखवायचे."

बाहेर इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

तिघंही धावली! काका बॉनेटखाली वाकलेला होता. "अरे, काय झालं?" तो ओरडेपर्यंत चष्मिसने दार उघडून चिंगीला ओढून बाहेर काढलं होतं. बोक्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"डोकं दुखतंय गं," चिंगी पुटपुटली आणि अंगणातच भडाभडा ओकली.

"ऊन लागलं असेल," काका म्हणाला आणि घाईने गाडीचं दार उघडू लागला. "ताई, बस, माझ्या गाडीने दवाखान्यात नेतो."

"त्या गाडीत? वेडा झालास का!" आत्या कडाडली. शेजारच्यांची गाडी मागवून ती चिंगीला घेऊन गेली.

काका पायरीवर बसला. "मीटर नवंकोरं आहे. ते खोटं कसं बोलेल?"

चष्मिसने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून त्याच्यापुढे धरलं. काळंकुट्ट! "मीटर म्हणतं गाडी उपाशी आहे, काका. आणि तोंड बघा, किती बरबटलंय!"

इंजिन गार व्हायला तास गेला. मग बोक्याने व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट, हवा फुंकायच्या बाजूला जोडली, ती सायलेन्सरमध्ये कोंबली, भोवती चिंध्या दाबल्या. चष्मिस साबणाचं पाणी घेऊन बॉनेटखाली वाकली आणि जोडांवर शिंपडत गेली. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावरही नाही. टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या चक्राला, धुराचा पाइप जिथे जोडतात तिथे मात्र फसफसून फेस आला.

"इथे! इथे, काका!"

काकाने बघितलं आणि डोळे मिटले. "सेन्सरसाठी पाइप काढला होता. दुकान बंद होतं, म्हणून जोडात बसवायची चकती, गॅस्केट, जुनंच परत लावलं."

"म्हणजे धुराच्या दोन झटक्यांमध्ये या फटीतून बाहेरची हवा आत जाते," चष्मिस म्हणाली. "ती पुढच्या सेन्सरला लागते. त्याला वाटतं पेट्रोल कमी आहे."

"आणि मी आणखी ओततो. जेवढं जास्त ओततो, तेवढा धूर जास्त विषारी. तोच फटीतून बाहेर येतो. पंखा तो आत खेचतो." काकाने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "मी बाहेर उभा होतो. मला काहीच झालं नाही."

संध्याकाळी फोन आला. ऑक्सिजन लावलाय, चिंगी शुद्धीवर आहे, भूक लागली म्हणतेय. बोका हसला आणि हसता हसता रडू लागला.

दुसऱ्या दिवशी चिंगी घरी आली. आत्याने चष्मिस आणि बोक्याला जवळ घेतलं. "त्या नवरा-बायकोला आणलं तेव्हा उशीर झाला होता," ती म्हणाली. "तुम्ही उशीर होऊ दिला नाहीत. शाबास!"

जळकं गॅस्केट मुठीत धरून काका भुंग्याला पुरलं होतं त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी बराच वेळ बसून राहिला.

गॅरेजच्या भिंतीवर ती पाटी अजून टांगलेली आहे. वर सरळ रेघेत पंधरा, खाली सोळा. त्याखालच्या सतरातला सात अर्धाच आहे. त्याचं शेपूट पार पाटीच्या काठापर्यंत घसरत गेलंय. ती पाटी काकाने कधी पुसली नाही.