विहिरीतले मासे

नदीत —

नदी खोल करायला आणलेलं पोकलेनचं धूड हातभरावर येऊन थांबलं. समोर तेरणेच्या पात्रात, गुडघाभर पाण्यात, इरा जाळं धरून उभी.

"म्याडम, सरका की. का बकेटात बसून जायचंय?"

"हे गोटे काढू नका. पावसाळ्यात इथं अंडी घालतात."

"कोंबड्या?"

ती हसणार नव्हती. हसली.

ऑपरेटर खाली उतरला. दिग्विजय, ढोकीच्या अलीकडच्या गावचा. तिनं त्याचा हात ओढून डोहात धरला. सोनेरी खवल्यांचा एक मासा बोटांना तोंड लावून गेला. कॉलेजच्या कामासाठी ती अख्खी नदी हिंडली होती. हा मासा फक्त याच डोहात उरला होता.

त्यानं हात काढला नाही. तिनंही...

बांधावर —

मग तो डोह सोडून बाकी नदी खोदत राहिला. दुपारी दोघं बांधावर.

"तुळजापूरच्या मास्तरांची पोर ठेचा खाती व्हय?"

"खाते. रडतेही."

"रडा मग. म्या बघतो."

पण टँकरच्या रेटारेटीत त्याच्या आईचा, लक्ष्मीबाईंचा, हात मोडला. डोह खोल केला तर उन्हाळा निभेल, गावानं ठरवलं. इरा भेटायला गेली. त्या गळ्यात बांधलेल्या हातासमोर तिला गोट्यांचं नाव काढवेना.

"उद्या डोह," तो म्हणाला. "पर तुझे मासे मरू देणार न्हाय."

विहिरीत —

पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत मासे सोडतातच. त्यानं डोहातला एकूण एक मासा पिंपातून आणून आपल्या लांबच्या मळ्यातल्या विहिरीत सोडला होता. आता इरासमोर त्यानं ज्वारीच्या लाह्या टाकल्या. भिंतीलगत सोनेरी पाठी वळल्या.

"तुझ्यासाठी... पिल्लं कधी व्हतील?"

इरा पायरीवर बसली. खोटं बोलता आलं असतं.

"होणार नाहीत. यांना वाहतं पाणी लागतं. गोटे लागतात. आहेत तेवढे जगतील."

त्यानं उरलेल्या लाह्या मुठीत धरल्या. मग पाण्याकडं बघतच म्हणाला, "आई म्हणत हुती, तुलाबी इथंच ठिवून घ्यावं. काय कमी पडणार न्हाय..."

मासे पुन्हा भिंतीपाशी आले. वळले. त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

"तू आवडतोस मला," इरा म्हणाली.

"ठाव हाय."

तिनं त्याच्या मुठीतल्या लाह्या काढून घेतल्या, पाण्यावर सोडल्या, आणि पायऱ्या चढून गेली. मूठ उघडीच राहिली.