लोकरीचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधेच "काहीही हं!" म्हणत कुणी पळायचं नाही.

घडली माझ्या मावशीच्या बाबतीत. मावशी मनोरुग्णालयात नर्स आहे, बायकांच्या वॉर्डात. झुरळाला मिशीला धरून बाहेर फेकणारी बाई ती... पण हे सांगताना तिचा आवाज आजही खाली येतो.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. सोमवारची दुपार. जेवणं नुकतीच झालेली. खिडकीबाहेर लख्ख ऊन.

रोज त्या वेळी मावशी सगळ्या बायकांना गोल बसवायची. एकमेकींशी बोलायचं, एकमेकींचं ऐकायचं. उपचारच तो. त्यात तिचा एक खेळ होता, नारिंगी लोकरीच्या गोळ्याचा. जिच्या हातात गोळा, तिनं बोलायचं. मग दोरा बोटाला गुंडाळायचा आणि गोळा दुसरीकडे टाकायचा. शेवटी मधोमध मोठं जाळं तयार व्हायचं.

नियम दोनच. गोलात खोटं बोलायचं नाही. आणि खेळ संपला की लोकर पूर्ण गुंडाळून कपाटात. कुणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून त्या वॉर्डात साधी नाडीसुद्धा चालत नाही.

गोलात एक कोवळी पोरगी होती. सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. ना बोलायला, ना खायला.

तिला माणसात आणलं ते आक्कांनी. आक्का म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पेशंट. चिमणीला शेजारी बसवून म्हणायच्या, "धर गं बाय दोरा. सोडायचा नाही हं!" आणि मग आपल्या टोकाकडून दोरा हळूच दोनदा ओढायच्या. टुक... टुक. म्हणजे, मी आहे इथे.

चिमणी त्यांच्या हातून चार घास खायला लागली होती.

शनिवारी आक्कांच्या छातीत दुखलं. त्यांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं.

रविवारी त्या गेल्या.

"आज कुणाला काही बोलू नकोस," सोमवारी सकाळी मोठ्या सिस्टरांनी मावशीला बजावलं. "उद्या डॉक्टर येऊन नीट सांगतील. ती पोर आत्ताशी जेवायला लागलीये. पुन्हा जेवण सोडलं तर हाती लागायची नाही. कुणी विचारलंच, तर घरी गेल्या म्हण."

मावशीनं आक्कांची खुर्ची उचलून ठेवली. गोल जवळ घेतला.

चिमणीनं मात्र स्वतःची खुर्ची सरकवली... आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवली.

"आक्का कुठायत हो?" गोळा सगळ्यांकडून फिरत हातात येताच शिंपीणकाकूंनी विचारलं.

"घरी गेल्या," मावशी म्हणाली.

"चष्मा न घेता?" मास्तरीणबाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. आक्कांचा चष्मा तिथेच होता. "अहो, त्यांना चष्म्याशिवाय स्वतःचं ताट दिसत नाही!"

"गडबडीत राहिला असेल."

काकूंनी "बरं बाई" म्हणत गोळा चिमणीकडे टाकला. तिनं दोरा बोटाला गुंडाळला. आणि गोळा त्या मोकळ्या जागेत टाकला.

गोळा जमिनीवर पडला. घरंगळत दाराबाहेर गेला. लांब, रिकाम्या पॅसेजमध्ये.

दोरा सुटत राहिला... सुटत राहिला... केव्हाच थांबायला हवा होता.

मग थांबला.

आणि हळूहळू ताठ झाला.

कुठल्यातरी दारात अडकला असेल, मावशीला वाटलं. ती जागेवरूनच दोरा मागे ओढायला लागली.

टुक... टुक.

कुणीतरी दोनदा ओढलं. पलीकडून.

"मस्करी कोण करतंय?" मावशी ओरडली. पण करणार कोण? सगळ्या तर समोर बसलेल्या. पॅसेजच्या टोकाला आक्कांची खोली, तिला कुलूप. किल्ली मावशीच्याच खिशात.

टुक... टुक. या वेळी जोरात. प्रत्येकीच्या बोटाला हिसका बसला. मास्तरीणबाई पुटपुटल्या, "सिस्टर, माझं बोट आवळतंय हो..."

चिमणीचं बोट पांढरं पडलं होतं. तिला दुखत होतं, दिसत होतं. पण तिनं दोरा सोडला नाही. सोडायचा नाही, असंच शिकवलं होतं ना तिला!

ती एकटक मावशीकडे बघत होती.

सांगावं, तर पोर हातची जायची. न सांगावं, तर...

टुक... टुक.

"आक्का घरी नाही गेल्या," मावशी एका दमात बोलली. "आक्का वारल्या. काल. मी खोटं बोलले."

कुणी रडलं नाही. कुणी हललं नाही. दोरा तसाच ताठ.

आणि मग एक आवाज आला. घोगरा, न वापरलेला. वॉर्डात कुणी कधीच न ऐकलेला.

"आक्का..." चिमणी दाराकडे बघून म्हणाली, "सोडा आता."

दोरा सैल पडला.

मावशीनं गुंडाळत आणला. शेवटचं टोक हातात आलं. पुढे काहीच नव्हतं. एवढा मोठा राहिलेला गोळा गायब! पलंग उलटे केले, कुलूपबंद खोली उघडली, मोठ्या सिस्टरांनी मावशीला फैलावर घेतलं... गोळा मिळाला नाही.

त्या संध्याकाळी चिमणी आपल्या हातानं जेवली. पुढे बरी होऊन घरी गेली.

मावशीनं हे मला सांगितलं ते आमच्या घरी, स्वेटरची लोकर गुंडाळताना. लड माझ्या दोन्ही हातांवर. गोळा तिच्या मांडीवर.

"मग तो नारिंगी गोळा कधीच सापडला नाही?" मी विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाली.

आमच्या दोघींच्या मधला दोरा ताठ झाला.

टुक... टुक.

माझे हात हलले नव्हते. मावशीनं तर दोरा धरलाही नव्हता.

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"सापडला," ती हळूच म्हणाली.

कुठे, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आणि खरं सांगू? मीही विचारलेलं नाही.