आधी विचारा की!

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी बिलं करायला नवीनच लागले होते. एका दुपारी माझ्या स्क्रीनवरचा बाण आपोआप चालायला लागला. मी माऊस सोडला, तरी तो आपला चालतोच आहे! तावातावानं सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथं कॉम्प्युटर सांभाळणारा बसू चहा फुंकत बसला होता.

"माझा बाण तुमी हलवला?"

"मीच की. तुमचं बिल अडकलं होतं, इथूनच सोडवलं."

"मग विचारायचं न्हाय व्हय? कुणाच्याबी घरात असंच शिरता?"

तो कानापर्यंत लाल झाला... आणि मला राग टिकवणं अवघड गेलं.

पण हट्ट सोडायचा माझा स्वभाव नाही. पॅकिंगच्या बायकांचं काही अडलं की मला उन्हातून शेडपर्यंत पळावं लागे. त्यांची स्क्रीन मला जागेवरून दिसायला हवी होती. मॅनेजर गुरुसिद्धप्पा म्हणाले, "ॲडमिनशिवाय, म्हंजे बसूशिवाय, कुणालाच न्हाय." मी रोज त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. शेवटी बसूनंच तोड काढली — मी ॲडमिन नाही, पण दुसऱ्याची स्क्रीन बघू आणि चालवू शकेन. फक्त आधी समोरच्याला प्रश्न जाणार, 'सुकन्याला येऊ द्यायचं?' तो 'होय' म्हणाला तरच आत.

सराव मी बसूच्याच स्क्रीनवर केला. तो 'होय' दाबायला मुद्दाम वेळ लावायचा.

"बोट दुखतंय काय?" मी जागेवरून ओरडायची.

"तुमी वाट बघताय... लई बरं वाटतंय की."

आणि शनिवारी कळलं, बसूला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी निघणार. सांगितलं कुणी? गुरुसिद्धप्पांनी! बसू मला किती आवडतो, ते तेव्हा नीट कळलं. मग राग आला.

मी बसूचं नाव दाबलं. या वेळी 'होय' लगेच आलं. त्याच्या स्क्रीनवर कोरं पान उघडून मी टाइप केलं, "विचारल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम तुमचाच. मग न विचारता बाहेर कसे निघालात?"

मग एकेक अक्षर उमटलं. "तुमी 'नाही' म्हणाल, अशी भीती..."

"विचारून तर बघा."

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं. बसू समोर उभा, कान लाल.

"माझ्याशी... लग्न कराल?"

सगळं ऑफिस बघत होतं. मीही मुद्दाम वेळ लावला.

"व्हय," मी म्हणाले. "पुण्याला खुशाल जावा की. पण उद्या इथल्या शुक्रवार पेठेत आमच्या घरी या, आणि आधी माझ्या आईला विचारा."