मोतीलाल आबांचा चढ

साक्रीच्या गॅरेजात लोटन मिस्तरी सकाळपासून रुपचंदनानांच्या जुन्या पेट्रोल जीपशी झटत होता. वेग वाढला की ठिणगी जरा आधी पडावी, चढावर इंजिन दमलं की जरा उशिरा. हे भान डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन बारीक स्प्रिंगा ठेवतात. या जीपच्या तुटल्या होत्या, आणि मोबाईलवर शोधूनही कुठे मिळत नव्हत्या.

"आज कीर्तनले चढनी नही, तं सकाळी भंगारमा देसू," नाना म्हणाले खरे, पण हात टपावरून फिरतच होता. तीस वर्षं हीच जीप बुवांना आणि टाळकऱ्यांना डोंगरावरच्या पाड्यावर नेत होती.

लोटनचे उस्ताद मोतीलाल आबा असते तर! एकदा अशाच स्प्रिंगा तुटल्या, तेव्हा कपाळी अष्टगंध लावलेले आबा डाव्या मडगार्डवर बसले आणि सबंध चढ डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून ठिणगी मागेपुढे करत राहिले. "बुवांचा शब्द संपायच्या आत टाळकऱ्याचा हात उठतो ना, तसंच हे," म्हणायचे. आबांना जाऊन तीन महिने झाले होते.

लोटनने कानाच्या अंदाजाने ठिणगीचं टायमिंग बसवलं, बॉनेट लावलं आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला. नाना शेजारी, बुवांची मंडळी मागे बसली आणि जीप निघाली.

चढ लागला तसं इंजिन ठोकू लागलं.

"गई रे भो," नाना पुटपुटले.

लोटनचा हात सहज खिशात गेला. पाना लागला.

"नाना, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट आवळायचाच राहिला!"

ढिला बोल्ट म्हणजे दोन हादऱ्यांत टायमिंग फिरणार, जीप बंद पडणार. त्याने ब्रेककडे पाय नेला.

ठोके थांबले.

"थांबाडू नको, लोट्या," नाना हळूच म्हणाले. "आवाज आयक."

वळणागणिक इंजिनाचा सूर बदलत होता. अगदी मापात. मागे बुवा गुणगुणू लागले, आणि काय सांगावं, इंजिन त्यांच्याच लयीत चालू लागलं.

जीप डावीकडे झुकली होती.

माथ्यावर मंडळी उतरून देवळात गेली. लोटनने बॉनेट उघडलं. बोल्ट दोन बोटांनी फिरला.

डिस्ट्रिब्युटरवरच्या काजळीत पाच बोटं उमटली होती. अंगठ्याच्या जागी अष्टगंध.

लोटनने बोट लावलं. ओलं होतं.

नानांनी हात जोडले.

देवळात पहिला टाळ वाजला. रिकाम्या जीपचं डावं मडगार्ड हळूच वर आलं.