काळ्या राजाचं जेवण

"नासका खेकडा आहे का?"

कोपरच्या मासळीबाजारात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. चंद्रभागामावशींचा कोयता हवेतच थांबला.

"नासका? माझे टोपलीन?"

मी — अंतरा, डोंबिवली, सात पिढ्या शाकाहारी — घाईघाईने खुलासा केला. काळा राजा हे डोंगरातलं दुर्मीळ फुलपाखरू. फुलांकडे ढुंकून बघत नाही, कुजक्या खेकड्यावर मात्र जीव टाकतं. मला त्याची फिल्म करून महिनाअखेर स्पर्धेला पाठवायची होती.

मावशींनी माझ्याकडे दयेने पाहिलं, शेजारच्या कोळणी हसल्या. मागे बर्फ फोडणारा त्यांचा मुलगा मात्र... हसला नाही.

"रविवारी आणून देतो," यज्ञेश म्हणाला. "कुठे?"

मलंगगडाच्या रानात त्याने दगडावर खेकडे मांडले, ते राजा सहकुटुंब जेवायला येणार असल्यासारखे. ताजा कोणता, नासका कोणता, हे माझ्या सात पिढ्यांत कुणी शिकलं नव्हतं. आम्ही झुडपाआड बसलो. राजा आला नाही. एक कुत्रा आला. कडाकडा जेवला. गेला.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. कुत्र्याचं वजन वाढलं.

पण यज्ञेश! गळ टाकून बसायची सवय, त्यामुळे दोन-दोन तास हलायचा नाही. पानाखालचा सुरवंट त्याला माझ्याआधी दिसायचा. माझ्या मनगटावर मुंगी चढली की हळूच फुंकर घालायचा... मग मी मुंग्या बघूनच जागा निवडू लागले.

चौथा रविवार, शेवटचा. त्याने डबा उघडला आणि मला भोवळच आली.

"हे काय!"

"नासके," तो खाली बघत म्हणाला. "आज पहिल्यांदाच."

"म्हणजे मागचे तीन रविवार—"

"ताजे. सकाळचे. आई म्हणते, कोळ्याच्या घरातून नासकं गेलं की नाव जातं."

"अरे, माझी फिल्म!"

"म्हणून तर आज आणले ना." तो खेकडे दगडावर मांडू लागला. "खरं सांगू? आईचं कारण पहिल्याच रविवारचं. नंतरचे दोन माझे. राजा आला असता, तर तू परत आली असतीस?"

मी भांडायला तोंड उघडलं — आणि तो आला.

काळेभोर पंख, मधोमध फिकट पट्टा, मागे नाजूक शेपट्या. नासक्या खेकड्यावर बसून त्याने अशी काही ऐटीत सोंड उलगडली, की तो खेकडाही क्षणभर देखणा वाटला. चार मिनिटं. कॅमेरा चालू, आम्ही दोघं श्वास रोखून... थोडा कौतुकाने, बराचसा वासाने.

राजा उडाला. यज्ञेश डबा आवरू लागला.

"पुढच्या रविवारी..." मी म्हणाले.

"आता कुठलं फुलपाखरू?"

"कुठलंच नाही. ताजे आण. आणि भाकरी."

"अगं, पण तुझ्या सात पिढ्या—"

"आठवी माझी आहे."

समोर कुत्रा आशेने बसला होता. त्याला ही बातमी कशी द्यायची, याचा आम्ही हातात हात घेऊन बराच वेळ विचार केला.