कळवले

गच्चीवर बसलोच आहोत, तर सांगतो. तनया, अथर्व, मोबाइल पालथे ठेवा. ही गोष्ट विद्याधरची. चेन्नईत मैलापूरच्या एका रक्तपेढीत आमची टेबलं तीस वर्षं शेजारी होती, म्हणून तिच्यात थोडा मीही आहे. मी निवृत्त होऊन सुटलो, तेव्हा त्याची दोन वर्षं बाकी होती.

गेल्या डिसेंबरची चौदा तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी एका कंपनीत रक्तदान शिबिर होतं. फॉर्मांवर शिक्के मारायचे राहिले, म्हणून विद्याधर संध्याकाळी साडेसातला पेढीत गेला. रविवारी काम करणारा कारकून. खरं तर घाबरण्यासारखी गोष्ट इथेच संपते.

त्याचं मुख्य काम फोनचं. कुणाच्या रक्तात काही सापडलं की पिशवी नष्ट करायची आणि त्या माणसाला बोलावून, समोर बसवून सांगायचं. वेलचेरीला मकरंद नावाचा मुलगा राहायचा. नाशिकचा, आयटीतला. गट ओ निगेटिव्ह: द्यायचं सगळ्यांना, घ्यायचं मात्र आपल्यातल्यांकडूनच, आमच्या तंजावरी मराठी लोकांच्या सोयरिकींसारखं. चार वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. विद्याधरनं फोन लावला.

"काका, कुणाला रक्त हवंय? निघालोच! आणि ऐका, पंधरा दिवसांनी लग्न आहे माझं. जेवायला यायचं."

"सरि, बरं, येतो," विद्याधर म्हणाला. फोन ठेवला. रजिस्टरात लिहिलं, 'कळवले'.

"मग लग्नानंतर तरी सांगायचं ना, काका?"

तेच ठरलं होतं, तनया. लग्नानंतर. मग दिवाळीनंतर. त्या नोंदीखाली तपासणारा म्हणून सही माझी. मी विचारलं नाही. कारकुनाला सही येते, प्रश्न पडत नाहीत.

पेढीनं मकरंदला पुन्हा बोलावलं नाही. त्याला वाटलं असेल, गरज पडली नाही. गेल्या जुलैत तो गेला. यकृत. वेळेवर कळतं तर औषध होतं. त्याच्या बायकोलाही, रुचिरालाही, लागण झाली. तिचे उपचार चालू आहेत.

तर त्या रविवारी. आठ वाजून दहा मिनिटं. पेढीमागच्या संगीतसभेच्या हॉलमध्ये कुणीतरी आलापी करत होतं. ती थांबली. रस्त्यावरचे हॉर्न थांबले...

दार वाजलं नाही. समोरच्या खुर्चीत मकरंद होता. बाही वर केलेली.

"काका, बऱ्याच दिवसांत तुमचा फोन नाही."

विद्याधरच्या हातात शिक्का तसाच.

"मकरंद... तुला रक्त नाही देता येणार."

"का, काका?"

...

एवढंच तर सांगायचं होतं. मेलेल्या माणसाला. आता कुणाचं लग्न मोडणार नव्हतं. विद्याधरनं तोंड उघडलं.

...

नाही जमलं.

"बरं," मकरंद म्हणाला.

खुर्ची रिकामी. मागे गाणं सुरू झालं.

टेबलावरचा सगळ्यात वरचा फॉर्म आता कोरा नव्हता. नाव नाही. सही नाही. फक्त एका प्रश्नापुढे खूण. 'रक्तदान करू नका, असं तुम्हाला पूर्वी कुणी सांगितलं आहे का?'

नाही.

विद्याधर तो फॉर्म घेऊन त्याच रात्री माझ्याकडे आला. घडलं ते सगळं सांगितलं. फॉर्म माझ्या हातात ठेवला आणि गेला. आता पाच महिने झाले. कपाटात आहे.

त्या खुणेची शाई... अजून बोटाला लागते.