गाळवाचक

चालकाची सीट पूर्ण मागे सरकवून उत्तरा सबनीस खाली वाकली आणि सीटच्या रुळाच्या फटीत तिने कापसाचा बोळा फिरवला. नाशिकच्या त्या जुन्या मोटारींच्या शोरूममधला विक्रेता कौस्तुभ शेजारी उभा राहून हसत होता.

"मॅडम, गाडीच्या सगळ्या नोंदी ठेवणारी स्मृतिपेटीच सांगतेय ना, पाणी कधी लागलेलं नाही म्हणून!"

"स्मृतिपेटी पुसता येते. गाळ पुसता येत नाही."

तिने बोळा तळहाताएवढ्या यंत्रात सरकवला. नदीच्या पाण्यात करंडक नावाची सूक्ष्म शैवालं असतात. त्यांची कवचं काचेसारखी; गाडी धुतली, वाळवली, तरी फटींत चिकटून राहणारी. प्रत्येक नदीतल्या जातींचं मिश्रण वेगळं. माणूस बुडूनच मेला का, हे ठरवायला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हीच कवचं शोधतात. उत्तरा तिथेच काम करायची. तिचा भाऊ हेमंत घाटात कठड्यावर आदळला आणि एअरबॅग उघडलीच नाही, तेव्हा तिने त्या गाडीची गंजलेली वायर स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. पुरात बुडालेली गाडी त्याला कोरडी म्हणून विकली होती. हेमंत आजही अंथरुणाला खिळलेला आहे. त्या संतापातून तिने हे यंत्र उभं केलं. गाळवाचक म्हणून ते आता बाजारात मिळत होतं.

पडद्यावर अक्षरं उमटली : कृष्णेच्या खोऱ्यातला गाळ. तिने दुसरा बोळा छताच्या अस्तरामागे फिरवला. तोच निकाल.

"छतापर्यंत बुडाली होती ही."

कौस्तुभचं हसू मावळलं. "मग ही नका घेऊ. दुसरी दाखवतो, एकदम खात्रीची."

"आणि हिचं काय करणार?"

आवाज ऐकून मालक जयवंत पाटणे काचेच्या केबिनमधून बाहेर आला. त्याने उत्तराच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि चक्क हात जोडले.

"सबनीस मॅडम ना? तुमचं यंत्र आमच्याकडेही आहे. आलेली प्रत्येक गाडी तपासतो. फार उपयोगी पडतं बघा."

"तपासता? मग ही इथे कशी?"

"नजरचुकीने राहिली. आजच पाठवतो. बुडालेल्या गाड्या आम्ही इथे विकतच नाही. जिथे गाळवाचक पोचलेलं नाही, तिथे पाठवतो. त्या लोकांनाही गाडी हवीच असते की!"

हेमंतसारख्यांना वाचवायला बनवलेलं यंत्र हा माणूस कुणाला फसवायचं ते ठरवायला वापरत होता!

ती तरातरा मागच्या आवारात गेली. त्या बाहेर पाठवायच्या मोटारींनी भरलेला ट्रेलर निघायच्या बेतात होता. वरच्या मजल्यावर पिवळी स्कूलव्हॅन बांधलेली होती.

उत्तराने आपली गाडी आणून फाटकात आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि पोलिसांना फोन लावला.

"मॅडम, गाडी हलवा!" पाटणे धावत आला. "कायद्यात कुठे लिहिलंय, बुडालेली गाडी विकायची नाही म्हणून?"

"कोरडी म्हणून विकायची, असं कुठे लिहिलंय?" ती कडाडली. "नाही हलवत!"

ट्रेलरचा भोंगा वाजू लागला. फोनमधून पलीकडचा हवालदार विचारत होता, "पण बाई, तक्रार नेमकी कसली? अजून कुणाला काही झालंय का?"

उत्तराने ट्रेलरवरच्या पिवळ्या व्हॅनकडे पाहिलं. काही व्हायलाच हवं का?